चार्जिंग होत नाही म्हणून अल्टरनेटर बदलण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरातल्या एका गृहस्थांकडे जुनी डिझेल इंडिका आहे. कामानिमित्त पंढरपूर, बार्शी असं फिरणं असतं. दोन महिन्यांपूर्वी बॅटरी नवी टाकली, तरी सकाळी सेल्फ जड फिरतो, कधी नुसतं ‘टक’ होऊन थांबतो. रात्री हेडलाइट आणि एसी सोबत लावले की डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा मंद लाल दिसतो, दिवसा मात्र विझलेला असतो. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून बघितलं आणि सांगितलं, डायनामो (म्हणजे अल्टरनेटर, इंजिनच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र) गेला, पूर्ण बदला. त्यांना विचारायचंय की घरच्या घरी काय तपासता येईल, आणि दुरुस्ती करावी की नवीन घ्यावा.

आत्ताच बदलू नका. अल्टरनेटर पूर्ण मेला असता तर दिवा दिवसाही लागला असता, आणि तोही ठसठशीत. तुमचा दिवा लोड पडल्यावरच आणि मंद लागतो. म्हणजे करंट तयार होतोय पण कमी पडतोय, नाहीतर पुरेसा तयार होतोय आणि बॅटरीपर्यंत पोचत नाहीये. उजनी धरण भरलेलं असलं म्हणून घरातल्या नळाला पाणी येतंच असं नाही, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. तुमच्या बाबतीत संशय तिघांवर आहे: ढिला बेल्ट, अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची जाड वायर आणि अर्थिंग, किंवा आतला एखादा डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग). पहिल्या दोघांसाठी अल्टरनेटर जागचा हलवायचीही गरज नसते.

मंद दिवा का लागतो ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. जुन्या पद्धतीच्या रचनेत या दिव्याच्या एका बाजूला चावीकडून येणारी बॅटरीची लाइन असते आणि दुसऱ्या बाजूला अल्टरनेटरच्या डी-प्लस टर्मिनलची बारीक वायर. इंजिन बंद, चावी ऑन, तेव्हा बॅटरीकडून करंट दिव्यातून अल्टरनेटरच्या आत जातो, दिवा लागतो आणि त्याच थोड्याशा करंटवर रोटरमध्ये, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागात, पहिलं चुंबकत्व येतं. इंजिन चालू झालं, अल्टरनेटर माल देऊ लागला, की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्ट येतात. फरक नाही, म्हणून करंट नाही, म्हणून दिवा विझतो. तो मंद लागतो तेव्हा दोन्ही बाजूंमध्ये एखाद-दोन व्होल्टचा फरक पडलेला असतो. हा फरक कुठे पडतो तेवढंच आपल्याला शोधायचंय.

त्यासाठी एक साधा डिजिटल मीटर घ्या. तीन-चारशे रुपयांचा चालतो. महागाचा क्लॅम्प मीटर असेल तर उत्तमच, पण त्याच्यावाचून काही अडत नाही.

सुरुवात बॅटरीपासून. नवी आहे म्हणून चांगलीच असेल असं धरू नका. दोन महिने अर्धवट चार्जवर चालवलेली नवी बॅटरीही आतून सल्फेट धरते, म्हणजे तिच्या प्लेटांवर थर बसतो. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी चावी न लावता बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर मीटर धरा. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. गाडी नुकतीच फिरवून आणली असेल तर आकडा खोटा वर दिसतो. तेव्हा हेडलाइट एक-दोन मिनिटं लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा. आणि प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरचं टोक, बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवा, त्यावरच्या क्लॅम्पवर नको. मग क्लॅम्पवर टेकवून बघा. दोन्हीत फरक आला तर आजार तिथंच सापडला, घासून साफ करा आणि घट्ट बसवा.

बॅटरी उतरलेली असेल तर पुढच्या तपासण्या करण्याआधी ती चार्जरवर भरून घ्या. बॅटरीवर जेवढे अँपिअर-अवर लिहिलेत त्याच्या दहाव्या भागाइतका करंट लावून सावकाश, रात्रभर. उतरलेली बॅटरी गाडीला जोडायची आणि ‘पंढरपूरला जाऊन येतो, भरेल’ म्हणायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. अल्टरनेटरचं काम चालू गाडीचा खर्च भागवणं आणि बॅटरी टिकवणं एवढंच आहे. मेलेली बॅटरी भरायला तो बसवलेला नाही. आपल्या एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४२-४३ अंश असतात, बॉनेटखाली त्याच्या कितीतरी वर. अशात तासभर पूर्ण करंट ओढला की आधी डायोड तापतात, आणि मग जो बिघाड नव्हता तोही पैदा होतो.

आता चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. बॅटरीचा दिवा नीट लागला पाहिजे. तुमचा लागत असणार, कारण रात्री दिसतोय. पण ज्यांचा लागतच नाही त्यांच्यासाठी सांगून ठेवतो: बल्ब उडाला असेल किंवा ती बारीक वायर तुटली असेल तर अल्टरनेटरला पहिलं चुंबकत्वच मिळत नाही. मग गाडी चालू केल्यावर चार्जिंग शून्य, आणि एकदा जोरात रेस दिली की अचानक सुरू. लोक म्हणतात, डायनामो कधी काम करतो, कधी नाही. प्रत्यक्षात गेलेला असतो छोटासा बल्ब. तपासायला डी-प्लसची वायर अल्टरनेटरवरून काढून इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. दिवा लागला तर बल्ब आणि वायर ठीक, दोष आत, बहुतेक कार्बनमध्ये, म्हणजे फिरत्या रोटरला करंट पोचवणाऱ्या ब्रशांमध्ये. दिवा लागलाच नाही तर आत हात घालायचं कारण नाही. ही टेकवाटेकवी फक्त अशा जुन्या एका वायरीच्या रचनेत करायची. ज्या गाड्यांत अल्टरनेटरला दोन-तीन पिनांचं प्लग असतं आणि ते कॉम्प्युटरला जातं, तिथं वायर टेकवून प्रयोग करू नका.

चावी ऑन असतानाच आणखी एक सोपी गोष्ट करता येते. पुलीच्या नटाजवळ किंवा मागच्या बेअरिंगजवळ छोटा लोखंडी पाना न्या. रोटरमध्ये चुंबकत्व असेल तर पाना हलकासा ओढला जातो. चावी बंद केली की ती ओढ जवळपास जाते. हा हातानं घेतलेला अंदाज आहे, पण रोटर आणि कार्बन जिवंत आहेत की नाहीत ते अल्टरनेटर न उतरवता कळतं. इंजिन चालू असताना मात्र तिकडे हात नेऊ नका, आणि सैल बाहीचा शर्ट तर नकोच.

मग इंजिन सुरू करा. सगळं बंद ठेवून, जरा रेस देऊन बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आलं पाहिजे. गरम इंजिनवर १३.६ दिसलं तर घाबरू नका. कटआउट, म्हणजे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर, उष्णता वाढली की व्होल्ट थोडे कमीच ठेवतो, तसाच तो बनवलेला असतो. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला, आणि त्या गाडीत बॅटरीचं पाणी सारखं कमी होत असणार. आता हेडलाइट, ब्लोअर, एसी, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही लावा आणि रेस साधारण दीड-दोन हजारांवर धरा. १३.५ च्या आसपास टिकलं पाहिजे. आयडलवर १३ पर्यंत उतरणं चालतं, कारण आयडलला अल्टरनेटर आपल्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपासच देतो. आषाढीच्या आठवड्यात पंढरपूर रोडला रांगेत एसी आणि लाइट लावून तासन्‌तास रांगलेली चांगली गाडीही दुसऱ्या दिवशी सेल्फला जड वाटते. तो बिघाड धरायचा नाही.

लोड टाकल्यावर आकडा १३ च्या खाली घसरत असेल, दीड-दोन हजार रेसलाही, तर इथून खरा शोध सुरू होतो.

बेल्ट बघायला इंजिन बंद हवं आणि चावी खिशात. अल्टरनेटरची पुली किंवा तिच्यामागचा छोटा पंखा बोटांनी फिरवून बघा. बेल्ट न हलता पुली फिरली तर बेल्ट ढिला आहे, दुसरा पुरावा नको. बेल्टची आतली बाजू आरशासारखी चकचकीत झाली असेल तर ताण देऊनही तो घसरणार, तो बदलाच. घसरणारा बेल्ट नेहमी किंचाळतोच असं नाही. बऱ्याचदा जळक्या रबराचा वास आणि पुलीभोवती काळी भुकटी एवढीच खूण असते. बेल्टवर साबण किंवा राळ घासायचे प्रकार करू नका, आवाज दोन दिवस बंद होतो आणि बेल्ट कायमचा वाया जातो. नवा बेल्ट टाकला तर आठवडाभरात एकदा परत ताण बघा, तो सुरुवातीला थोडा सैलावतो. आणि पहारीनं कचकून ताणलेला बेल्ट अल्टरनेटरचं बेअरिंग खातो, तेव्हा अतिउत्साहही नको.

बेल्ट ठीक असेल तर आता जाड वायर. तुमच्या लक्षणांवरून माझा सगळ्यात जास्त संशय इथेच आहे. याच तपासणीला गॅरेजमध्ये सगळ्यात कमी वेळ दिला जातो, कारण वायर दिसायला चांगली दिसते.

इंजिन चालू, सगळा लोड चालू, रेस दीड हजार. मीटर डीसी व्होल्टवर. एक प्रोब अल्टरनेटरच्या बी-प्लसच्या, म्हणजे जाड वायर जिथे बसते त्या, बोल्टवर, दुसरा बॅटरीच्या प्लस खांबावर. होय, दोन्ही प्लसवरच. मीटर आता त्या रस्त्यात किती व्होल्ट हरवतात ते दाखवतो. ०.२, फार तर ०.३ पर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट आला तर शोधा. एक-दीड आला तर अल्टरनेटरला शिव्या देणं थांबवा. मग हीच मोजणी दुसऱ्या बाजूनं: एक प्रोब अल्टरनेटरच्या उघड्या बॉडीवर, दुसरा बॅटरीच्या मायनस खांबावर. इथे ०.१, जास्तीत जास्त ०.२.

लोड टाकूनच का मोजायचं, ते आकड्यात बघा. हेडलाइटचे दोन बल्ब मिळून ११०-१२० वॉट, म्हणजे नऊ-दहा अँपिअर. त्यात ब्लोअर, एसीचा पंखा, बाकीचे दिवे आणि बॅटरी भरायचा करंट. सगळं मिळून ४० अँपिअर सहज होतात. वायरच्या जोडात कुठे ०.०५ ओहमचा अडथळा असेल तर ४० गुणिले ०.०५, दोन व्होल्ट वाटेतच गेले. अल्टरनेटर १४.२ देतोय आणि बॅटरीला मिळतात १२.२. हाच जोड तुम्ही गाडी बंद करून मीटरच्या ओहम रेंजवर तपासला तर मीटर शून्य दाखवेल, कारण साधा मीटर एवढा बारीक अडथळा ओळखत नाही. वायरची एकच तार शाबूत असली तरी त्याला रस्ता मोकळाच वाटतो. आणि ते दोन व्होल्ट जातात कुठे? ४० अँपिअर गुणिले दोन व्होल्ट, ८० वॉट. एका हेडलाइटपेक्षा जास्त उष्णता त्या एका थिंबलमध्ये, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीत. लोड देऊन दहा मिनिटं गाडी चालवा, बंद करा, बॅटरीचा मायनस काढा आणि जोडांना बोट लावून बघा. दोषी जोड चटका देतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलची ने-आण करणारा एक पिकअप माझ्याकडे आला होता. दुसरीकडे त्याचा अल्टरनेटर बदलून झाला होता, तरी तक्रार तीच. बी-प्लसचा नट घट्ट, थिंबल चकचकीत, वर काळी टेप नीट गुंडाळलेली. लोड टाकून मोजलं तर दीड व्होल्टच्या वर गायब. टेप सोडली, थिंबलच्या गळ्याजवळचं इन्सुलेशन ब्लेडनं चिरलं, तर आतून हिरवी भुकटी पडली. तांब्याच्या तारा बोटात धरल्या की मोडत होत्या, शाबूत अशा थोड्याच उरल्या होत्या. वरून पाणी उडत होतं आणि टेपनं ते आत कोंडून ठेवलं होतं. वायर मागे स्वच्छ लाल तांबं लागेपर्यंत कापली, नवं थिंबल दाबून बसवलं, वर हीट-श्रिंक. जुना अल्टरनेटर मालकानं तोवर भंगारात दिला होता, नाहीतर मी तोच परत लावायला सांगितला असता.

थिंबल पक्कडीनं चेपून भागवू नका, क्रिम्पिंगच्या हत्यारानंच दाबून घ्या. नुसतं डाक देऊन बसवलेलं थिंबल गरम झालं की सैल पडतं. वायर बदलायची झाली तर पहिलीपेक्षा बारीक घालू नका. आणि या वाटेवर मोठा फ्यूज किंवा फ्यूज-लिंक असेल तर तोही बघा. तो उडालेला नसतो, पण त्याचे बोल्ट सैल असतात आणि प्लॅस्टिक किंचित वितळलेलं दिसतं.

अर्थिंगची बाजू तर आणखी दुर्लक्षित. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, बॉडीशी त्याचा संबंध एका विणलेल्या पट्टीनं जोडलेला असतो. क्लच प्लेटचं काम झालं, गिअरबॉक्स उतरवला, की ही पट्टी परत लावायची राहते किंवा रंगावरच आवळली जाते. परीक्षा सोपी आहे. जंपर केबलचं एक टोक इंजिनच्या उघड्या धातूला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला लावा. चार्जिंगचा आकडा लगेच सुधारला आणि सेल्फही हलका फिरला, तर दोष अर्थिंगचा. तुमचा सेल्फ ‘टक’ करून थांबतो म्हणता, तेव्हा हे आवर्जून बघा. एकच खराब पट्टी सेल्फ आणि चार्जिंग दोन्ही बिघडवते.

एक काम मात्र कुणालाही करू देऊ नका. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि ‘गाडी बंद पडली नाही, म्हणजे डायनामो चांगला’ असं ठरवायचं. बॅटरी हा या सगळ्या सर्किटचा धक्का झेलणारा भाग आहे. ती अचानक सुटली की अल्टरनेटरचा करंट जायला जागा राहत नाही आणि व्होल्ट क्षणभरासाठी ४० च्या वर, कधी त्याच्या दुप्पटही उसळतात. डायोड, रेग्युलेटर, म्युझिक सिस्टीम, नव्या गाडीत कॉम्प्युटर, काहीही उडू शकतं. शिवाय गाडी चालू राहिली म्हणजे चार्जिंग पुरेसं आहे असंही त्यातून सिद्ध होत नाही. तुमच्या गाडीचं डिझेल इंजिन तर बॅटरीशिवायही बराच वेळ चालू राहील.

हात घालायच्या आधी बॅटरीचा मायनस काढायचा हेही लक्षात ठेवा. बी-प्लस बोल्टला गाडी बंद असतानाही थेट बॅटरी जोडलेली असते. पान्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं की ठिणग्या उडतात. बोटात अंगठी असेल तर काढून ठेवा.

बेल्ट, वायर, अर्थिंग तिन्ही स्वच्छ निघाले आणि तरी बी-प्लसवरच व्होल्ट कमी असले, तर मग दोष अल्टरनेटरच्या पोटात. तेव्हाही पूर्ण बदलायची घाई नको.

डायोडचा संशय दोन खुणांवरून येतो. पहिली, सकाळी गाडी सुरू न करता अल्टरनेटरच्या पाठीवर हात ठेवा. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर थंडगार हवा. कोमट लागला तर डायोड गळतोय आणि रात्रभर त्यातून बॅटरी उतरतेय. तुमची तक्रार सकाळचीच आहे, म्हणून हे उद्याच करून बघा. दुसरी, इंजिन चालू असताना मीटर एसी व्होल्टच्या छोट्या रेंजवर लावून बॅटरीवर मोजा. चांगल्या अल्टरनेटरवर पाव व्होल्टही येत नाही, अर्ध्याच्या वर गेलं तर डायोड प्लेट बघायला हवी. इथे स्वस्तातले काही मीटर फसवतात. एसी रेंजवर ते सरळ डीसीच मोजून २८-३० असा भलताच आकडा दाखवतात. प्रोब उलटे करून बघा. उलटे केल्यावर शून्य आलं तर तो मीटर या कामाचा नाही. रेडिओ ऐकत असाल तर रेसबरोबर चढणारी बारीक शीळ हीसुद्धा डायोडचीच खूण असू शकते.

कार्बन झिजणं हा तर वयाचा भाग आहे. बाहेर पाच मिलिमीटरच्या आसपासच उरले असतील तर बदलायचे. कार्बन ज्यावर घासतात त्या स्लिप रिंगवर खोल खाच पडली असेल तर लेथवर हलका हात मारून घ्यावा लागतो, नुसती काळी पडली असेल तर बारीक पॉलिश पेपर पुरतो. रोटर मीटरनं तपासता येतो: दोन रिंगांच्या मध्ये साधारण दोन ते पाच ओहम, आणि रिंग ते शाफ्ट काहीच नको. स्टेटरचं, म्हणजे रोटरभोवतीच्या स्थिर गुंडाळीचं, मात्र मीटरवर ठरवणं कठीण. वॉर्निशचा जळका वास आणि काळ्या पडलेल्या तारा नाक-डोळ्यांनाच कळतात. लूमच्या भागात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत एक खास सोलापुरी प्रकार बघायला मिळतो: हवेतले सुताचे तंतू पंख्यानं ओढून अल्टरनेटरच्या जाळीत जाम बसतात. हवा बंद, आतले डायोड भाजतात. दर सर्व्हिसिंगला कॉम्प्रेसरची हवा मारून घेतली तर ते टळतं.

तुमच्या गाडीची आणखी एक गोष्ट गॅरेजवाल्यानं सांगितलेली दिसत नाही. जुन्या डिझेल इंडिकासारख्या गाड्यांत ब्रेकसाठीचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीला बसवलेला असतो आणि त्याला इंजिनचं ऑइल जातं. पंपाची सील गळायला लागली की ऑइल आत उतरतं, कार्बनच्या भुकटीत मिसळून चिकट काळा लगदा होतो आणि कार्बन रिंगला नीट टेकतच नाहीत. मागच्या बाजूला ऑइलचा ओघळ दिसला तर कार्बन बदलून उपयोग नाही, आधी सील आणि ऑइलचा पाइप. नुसते कार्बन बदललेली गाडी काही महिन्यांत परत येते.

याच रचनेमुळे सांगतो, चालत्या गाडीत बॅटरीचा दिवा अचानक पूर्ण लागला तर ‘घरी जाऊन बघू’ म्हणू नका. बेल्ट तुटला असेल तर व्हॅक्यूम पंपही थांबलेला असतो. पहिले दोन-चार ब्रेक साठलेल्या व्हॅक्यूमवर लागतात, मग पॅडल दगडासारखं होतं. मोहोळच्या पुढे हायवेला ट्रकच्या मागे असताना हे कळणं बरं नव्हे. शिवाय काही इंजिनांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही असतो. गाडी कडेला घ्या, बेल्ट जागेवर आहे का बघा. बेल्ट आहे आणि नुसतं चार्जिंग बंद आहे असं दिसलं, तर एसी, ब्लोअर, म्युझिक बंद करून दिवसाउजेडी जवळच्या गाड्यांच्या वायरमनपर्यंत जाता येतं. मेकॅनिकल फ्युएल पंपाच्या डिझेल इंजिनाला वीज फारशी लागत नाही. पेट्रोल गाडीवाल्यांनी एवढी मोकळीक घेऊ नये, फ्युएल पंप आणि इग्निशन मिळून बॅटरी लवकर संपवतात.

नव्या गाड्यांबद्दल दोनच वाक्यं, कारण तो वेगळा विषय आहे. ज्या गाड्यांत बॅटरीच्या मायनस क्लॅम्पवर छोटा सेन्सर आणि वायरचं प्लग दिसतं, तिथे अल्टरनेटरला कॉम्प्युटर हुकूम देतो. बॅटरी भरलेली असली की तो मुद्दाम १२.८-१३ वर ठेवतो आणि ब्रेक मारताना १४.५ च्या वर नेतो, तेव्हा एका आकड्यावरून निदान करू नका, स्कॅनर लावा.

आता दुरुस्ती की नवीन. कार्बन, रेग्युलेटर, डायोड प्लेट, बेअरिंग यांपैकी एक-दोनच गेलं असेल तर चांगल्या वायरमनकडून दुरुस्तच करून घ्या, नव्याच्या तुलनेत खर्च थोडा येतो आणि मूळ कंपनीचा रोटर-स्टेटर हाताशी राहतो. पण रेग्युलेटर आणि डायोड चांगल्या कंपनीचेच मागा, बिनानावाच्या डब्यातले नकोत. स्टेटर जळलेला, रोटरही गेलेला आणि पंपही गळका, असं तिन्ही निघालं तर रिवाइंडिंगच्या, म्हणजे तारा नव्यानं गुंडाळून घेण्याच्या, नादी न लागता नवीन घ्या. आपल्या उन्हात रिवाइंड केलेला स्टेटर फार टिकलेला मी पाहिलेला नाही. ‘रिकंडिशन’ म्हणून रंग मारून मिळतो तो घ्यायचा असेल तर बेंचवर लोड देऊन दाखवायला सांगा. बिनालोड १४ व्होल्ट कुणीही दाखवतो. आणि काढलेला जुना अल्टरनेटर गाडी महिनाभर नीट चालेपर्यंत देऊ नका.

सगळं करूनही चार्जिंगचे आकडे चांगले आणि सकाळी बॅटरी उतरलेलीच, असं झालं तर करंट कुठेतरी गळतोय. नंतर बसवलेली म्युझिक सिस्टीम, जीपीएस, सेंट्रल लॉक, डिकीचा न विझणारा दिवा. गाडी बंद, चावी काढलेली, दारं लावलेली, आणि मीटर दहा अँपिअरच्या सॉकेटवर मायनस टर्मिनल आणि केबलच्या मध्ये. ५० मिलीअँपिअरच्या आत आलं पाहिजे. जास्त आलं तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याला आकडा पडला ती लाइन दोषी. कुठलाच फ्यूज काढून फरक पडला नाही तर अल्टरनेटरची बी-प्लस वायर सोडवून बघा, डायोडची गळती फ्यूज बॉक्समध्ये सापडत नाही. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मात्र मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

तुम्ही आता एवढंच करा: उद्या सकाळी अल्टरनेटरवर हात ठेवून तो कोमट आहे का बघा, मग उभ्या गाडीचे व्होल्ट, लोडवरचे व्होल्ट, आणि प्लस-प्लस व मायनस-बॉडी असे दोन्ही ड्रॉप, म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्ट, लिहून पाठवा. मागच्या पंपापाशी ऑइलचा ओघळ आहे का तेही कळवा, म्हणजे वायरमनला नेमकं काय उघडायला सांगायचं ते सांगतो.